हसविणाऱ्या चित्रांचे गांभीर्य

विनोदाला साहित्यात जसे दुय्यम स्थान दिले जाते, तसेच चित्रकलेत व्यंगचित्राला दिले जाते. दैनिकातील व्यंगचित्र क्षणभर हसवते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. तैलचित्र मात्र संग्रहालयाच्या भिंतीवर मानाने विराजमान होते. ही श्रेणीव्यवस्था किती तकलादू आहे हे ज्यांनी दाखवून दिले, त्यांत अमेरिकन चित्रकार फिलिप गस्टन अग्रगण्य होय. कीर्तीच्या शिखरावर असताना त्याने आपली मान्यताप्राप्त शैली टाकून दिली आणि बालपणीच्या चित्रपट्ट्यांतील ठसठशीत, ओबडधोबड रेषेकडे तो वळला. या निर्णयाची किंमत त्याने हयातीत मोजलीच. पण त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनीही त्याच चित्रांनी चार मोठ्या संग्रहालयांना पेचात टाकले.

गस्टनचा जन्म १९१३ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे झाला. मूळ आडनाव गोल्डस्टाइन. आईवडील ओडेसाहून आलेले ज्यू स्थलांतरित. पुढे हे कुटुंब लॉस एंजेलिसला गेले. तेथे वडिलांवर भंगार गोळा करण्याची पाळी आली आणि अखेर त्यांनी गळफास घेतला. त्या वेळी फिलिपचे वय दहाच्या आसपास होते. हा मुलगा घरातील एका कोठडीत, उघड्या विजेच्या दिव्याखाली, तासन्‌तास चित्रे काढीत बसे. ‘क्रेझी कॅट’ आणि ‘मट अँड जेफ’ या चित्रपट्ट्यांचे त्याला वेड होते. मुलाचा ओढा पाहून आईने व्यंगचित्रकलेचा टपालाने चालणारा एक अभ्यासक्रम त्याला लावून दिला. तो त्याने लवकरच सोडला. रेषा मात्र हातात मुरली.

तरुणपणी त्याच्या चित्रांना राजकीय धार आली. कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना त्या काळी कॅलिफोर्नियातही उघड वावरत होती. तिच्या शंकूच्या आकाराच्या पांढऱ्या बुरख्यांतील माणसे त्याने १९३० च्या सुमारासच रेखाटली होती. पुढे मेक्सिकोत मोरेलिया येथे त्याने एक भव्य भित्तिचित्र काढण्यात भाग घेतला आणि मंदीच्या वर्षांत सरकारी कलायोजनेखाली अमेरिकेत भित्तिचित्रे रंगविली. १९५० नंतर मात्र तो अमूर्त चित्रकलेकडे वळला. शाळेतील जुना सोबती जॅक्सन पोलॉक याच्याबरोबर आणि विलेम डी कूनिंगबरोबर न्यूयॉर्कच्या त्या बलाढ्य संप्रदायात त्याचे नाव घेतले जाऊ लागले. गुलाबी व लाल रंगांच्या तरल फटकाऱ्यांनी विणलेली त्याची चित्रे रसिकमान्य झाली. १९६२ साली गुगेनहाइम संग्रहालयाने त्याच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर एवढी पत आणि मागणी निर्माण झाल्यावर उत्पादकाने तोच माल पुरवीत राहणे शहाणपणाचे. गस्टनने नेमके उलट केले. व्हिएतनामचे युद्ध पेटले होते, शहरे धुमसत होती. अशा वेळी घरी बसून वृत्तपत्रे वाचायची, संतापायचे, आणि मग चित्रशाळेत जाऊन लाल रंगाचा निळ्याशी मेळ घालीत बसायचे, हा विरोधाभास त्याला असह्य झाला. काही काळ त्याने रंग बाजूला ठेवून केवळ रेखाटने केली. त्यांतून हळूहळू बूट, पुस्तके, घड्याळे, विटा अशा साध्या वस्तू अवतरू लागल्या आणि त्यांच्या पाठोपाठ तेच जुने बुरखेधारी.

हे बुरखेधारी हास्यास्पद आहेत. ‘सिटी लिमिट्स’ या चित्रात त्यांतील तिघे खेळण्यातल्यासारख्या मोटारीत दाटीवाटीने बसून शहरात फिरतात. ‘द स्टुडिओ’ या १९६९ च्या चित्रात एक बुरखेधारी सिगारेट ओढीत चक्क स्वतःचेच चित्र रंगवीत आहे. प्रेक्षक प्रथम हसतो. मग त्याच्या ध्यानात येते की, हा चित्रकार म्हणजे खुद्द गस्टनच. दुष्टपणा दुसऱ्याच्या अंगणात ढकलून मोकळे होणे त्याला मान्य नव्हते. क्रौर्य करणारी माणसे राक्षस नसून तुमच्याआमच्यासारखीच खातात, पितात आणि गप्पा मारतात, हे सांगण्यास व्यंगचित्राची रेषाच समर्थ होती. भीषणाचे भीषण चित्रण पाहून प्रेक्षक मान फिरवितो. हास्यास पात्र झालेल्या भीषणासमोर मात्र तो थबकतो.

१९७० च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत ही चित्रे लागली आणि समीक्षकांनी हलकल्लोळ केला. एका अभिजनाने घेतलेले हे अडाण्याचे सोंग आहे, असा न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाचा सूर होता. संगीतकार मॉर्टन फेल्डमनसारखा जिवलग मित्र दुरावला. या सगळ्याचा विषय स्वातंत्र्य आहे, हे ओळखणाऱ्या मोजक्या लोकांत डी कूनिंग होता. गस्टन मागे फिरला नाही. १९७१ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर त्याने बोचऱ्या रेखाटनांची मालिका काढली. ती पुस्तकरूपाने यायला २००१ साल उजाडले. १९७७ च्या ‘कपल इन बेड’ या चित्रात तो पत्नीला बिलगून झोपला आहे, पायांत बूट आहेत आणि हातातले कुंचले सुटलेले नाहीत. त्याच वर्षी पत्नीला पक्षाघाताचा झटका आला होता. हे चित्र हसविते, आणि पाहणाऱ्याच्या घशात आवंढाही आणते. जून १९८० मध्ये वुडस्टॉक येथे गस्टनचे निधन झाले.

त्यानंतरच्या पिढीने या उपेक्षित चित्रांनाच गुरुस्थानी मानले. बाजाराचा न्यायही मोठा मौजेचा. २०१३ साली लिलावात त्याच्या अमूर्त काळातील एका चित्राला अडीच कोटी डॉलरहून अधिक किंमत आली आणि एके काळी ज्यांना गिऱ्हाईक मिळणे कठीण होते, त्या उत्तरकालीन चित्रांसाठीही आज लक्षावधी डॉलर मोजले जातात.

तरीही या चित्रांचा काटा बोथट झाला नाही. वॉशिंग्टन, बोस्टन, ह्यूस्टन आणि लंडन येथील चार संग्रहालयांनी आखलेले त्याचे मोठे प्रदर्शन सप्टेंबर २०२० मध्ये एकाएकी २०२४ पर्यंत पुढे ढकलण्यात आले. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाची पोलिसाच्या हातून हत्या झाली होती. अशा वातावरणात बुरखेधारी चित्रांचा विपर्यास होईल, ही संचालकांची धास्ती. ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. ज्यांच्या पूर्वजांनी त्या बुरख्यांची दहशत प्रत्यक्ष भोगली, त्यांच्या मनाची कदर संग्रहालयाने करावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु वर्णद्वेषावर प्रहार करणारी चित्रेच वर्णद्वेषाच्या चर्चेच्या ऐन वेळी दडविणे, हा उपाय रोगापेक्षा भयंकर होता. दोन हजारांहून अधिक कलावंत व अभ्यासकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. अखेर मे २०२२ मध्ये बोस्टनला प्रदर्शन उघडले. तेथे चित्रांना इतिहासाची जोड दिली होती आणि ज्यांना बुरखेधारी चित्रे पाहावयाची नसतील, त्यांच्यासाठी वेगळी वाटही ठेवली होती. हे दोन वर्षांपूर्वीच सुचले असते, तर बरे झाले असते.

प्रेक्षकाला पेलणार नाही असे मानून त्याच्यापासून कलाकृती दूर ठेवणे आणि ती त्याच्यापुढे ठेवून तिचा संदर्भ समजावून देणे, यांत पहिला मार्ग सोपा, दुसरा कष्टाचा. शिक्षणाचा मार्ग दुसराच आहे. विनोद हा गांभीर्याचा शत्रू नव्हे, आत्मसंतुष्टतेचा आहे. म्हणूनच तो सत्तेला, प्रतिष्ठितांना आणि प्रसंगी सद्हेतूने चालणाऱ्या संस्थांनाही अवघड वाटतो. गस्टनने हसण्याची सुरुवात स्वतःपासून केली. एवढे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्याच्या चित्रांपासून समाजाला संरक्षण देण्याची मुळीच गरज नाही.