लग्नाची पन्नाशी मॉरिशसला

आईवडिलांच्या लग्नाला ५० वर्षे झाली, म्हणून त्यांना मॉरिशसला नेऊन पुन्हा सप्तपदी करावी, असे काही घरांतील मुलांच्या मनात येते. बेत चांगला आहे. १८३४ पासून भारतातले मजूर त्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला गेले. त्यांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

जाण्यास मे महिना बरा. तिकडे वादळांचा हंगाम ओसरत असतो, इकडे मृगाची पेरणी व्हायची असते.

पासपोर्टच्या कामाला सहा महिने आधी लागावे. अडते ते आईच्या कागदांवर. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, जन्मतारीख तिसरीच! आधी ते सारे एकसारखे करून घ्यावे. ६० वर्षांपुढील अर्जदारांना फीमध्ये १० टक्के सूट मिळते. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. परतीचे तिकीट व मुक्कामाचा कागद जवळ ठेवावा.

ही सप्तपदी हौसेची. तिची सरकारी नोंद लागत नाही. खर्चासाठी पीककर्जाला मात्र हात लावू नये. पैसा जमला नाही, तर घरच्या अंगणातही सात पावले चालता येतात. आणि तिकिटे काढण्याआधी आईला एकदा विचारावे, तिला जायचे आहे का?