गाडी एका बाजूला का ओढते?

सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली की आमची गाडी डावीकडे जाऊ लागे. विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये दोनदा व्हील अलाइनमेंट करून घेतले. संगणकाने छापून दिलेल्या कागदावर दोन्ही वेळा सर्व आकडे हिरवे होते. गाडी मात्र डावीकडेच ओढत राहिली. मग दोष होता कुठे? प्रथम हे आकडे काय सांगतात ते पाहू.

हे आकडे म्हणजे चाकांचे कोन. त्यांपैकी तीन महत्त्वाचे. वरून पाहिल्यास पुढची चाके समांतर आहेत की आत-बाहेर वळलेली, हे ‘टो’ सांगतो. समोरून पाहिल्यास चाक उभे आहे की कललेले, हे ‘कॅम्बर’ सांगतो. ज्या अक्षाभोवती चाक डावी-उजवीकडे वळते, त्याचा मागे असलेला कल म्हणजे ‘कास्टर’. सायकलच्या हँडलचा दांडाही असाच कललेला असतो. तो कल्पनेने जमिनीपर्यंत वाढवला, तर चाक टेकते त्या जागेच्या थोडा पुढे पोचतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येते, ते बरेचसे यामुळेच.

टो बिघडला तर काय होते? समजा, प्रत्येक चाक अर्ध्या अंशाने आत वळले आहे. ०.५ अंशाचा साइन सुमारे ०.००८७ आहे. म्हणजे १ किलोमीटर सरळ जाताना चाकाला जवळजवळ ९ मीटर आडवे सरकावे लागते! टायर लवचीक असल्याने तो यातले काही सोसतो, पण झीज वाढतेच. मात्र टोचा दोष दोन्ही पुढच्या चाकांत सारखा वाटला जातो. त्यामुळे टायर झिजतात, पण गाडी सहसा ओढत नाही. डाव्या-उजव्या चाकांच्या कॅम्बर किंवा कास्टरमध्ये फरक असला, तर मात्र ती ओढते.

आमच्या कागदावर तोही फरक नव्हता. म्हणून आम्ही एकेक कारण तपासले. दोन्ही बाजूंच्या टायरमधील हवेचा दाब सारखा होता. एका चाकाचा ब्रेक अडकून ते तापत नव्हते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो आणि आपण डावीकडून चालतो. तेव्हा मोकळ्या, सपाट मैदानावर गाडी हळू चालवून पाहिली. ओढ कायम! शेवटी पुढच्या दोन चाकांची अदलाबदल केली. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर असे करू नये.) आता गाडी उजवीकडे ओढू लागली. दोष टायरमध्येच होता.

याचे कारण वर्गात दाखवता येईल. कागदी पेला टेबलावर आडवा ठेवून ढकला. तो सरळ न जाता निमुळत्या टोकाकडे वळतो. टायर बनवताना त्याची एक बाजू किंचित लहान राहिली, तर तोही असाच वागतो. अलाइनमेंटचे यंत्र कोन मोजते. टायरमधला हा दोष त्याला दिसत नाही.

टायर बदलला आणि गाडी सरळ चालू लागली. दोनदा दिलेले पैसे वाया गेले, पण एक धडा मिळाला. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होते ते पाहा. गॅरेजमध्येही तोच नियम लागू पडतो.