टॉर्नेडो मोठ्या शहरांना टाळतो काय?

टॉर्नेडो म्हटले की डोळ्यांसमोर अमेरिकेतील मोकळी मैदाने आणि ढगातून खाली आलेली काळी सोंड येते. त्यामुळे मोठ्या शहरांना त्याचे भय नाही, उंच इमारती त्याला अडवतात, असा समज रूढ झाला आहे. हा समज पुराव्यावर टिकतो काय, ते तपासून पाहू.

आपल्या किनाऱ्यावर येणारे चक्रीवादळ शेकडो किलोमीटर विस्ताराचे असते आणि कित्येक दिवस टिकते. टॉर्नेडो वेगळा. गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत पोहोचलेला, अतिवेगाने फिरणारा तो हवेचा स्तंभ होय. त्याची रुंदी बहुधा काही शेकडो मीटरच्या आत आणि आयुष्य काही मिनिटांचे असते; परंतु अतितीव्र टॉर्नेडोतील वारा ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. ज्या ढगातून तो जन्मतो, त्याची उंची दहा किलोमीटरहून अधिक असते. दोन-तीनशे मीटरच्या इमारती त्याला काय अडवणार?

अमेरिकेतील कॅन्सस राज्याची राजधानी टोपिका. शहराच्या नैर्ऋत्येस बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे. पोटावाटोमी या आदिवासी समाजाच्या एका प्रमुखाच्या नावाने ती ओळखली जाते. ही टेकडी शहराचे टॉर्नेडोपासून रक्षण करते, अशी तेथील नागरिकांची श्रद्धा होती. ८ जून १९६६ रोजी सायंकाळी टॉर्नेडो नेमका त्याच टेकडीवरून शहरात शिरला. आठशेच्या आसपास घरे जमीनदोस्त झाली, वॉशबर्न विद्यापीठाच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या, सुमारे १६ माणसे मृत्युमुखी पडली. टेकडीवर पाण्याची टाकी बांधल्यामुळे तिचे सामर्थ्य गेले, असे नंतर काहींनी म्हटले. श्रद्धा पुराव्यापुढे सहजासहजी नमत नाही, ती सबब शोधते. प्रत्यक्षात जीव वाचवले ते निरीक्षकांनी दिलेल्या वेळेवरच्या इशाऱ्याने, भोंग्यांनी आणि घरांच्या तळघरांनी.

टोपिका हा अपवाद नव्हे. २७ मे १८९६ रोजी सेंट लुईस आणि शेजारच्या ईस्ट सेंट लुईस येथे २५५ माणसे दगावली. २००० साली फोर्ट वर्थच्या मध्यवर्ती भागातील उंच इमारतींच्या काचांचा चुराडा झाला. आपल्या दिल्लीतही १७ मार्च १९७८ रोजी विद्यापीठ परिसराला टॉर्नेडोने झोडपले आणि २८ जणांचा बळी घेतला.

मग शहरांवरील आघात विरळ का? कारण साधे आहे. मोकळ्या भूमीच्या तुलनेत शहरांनी व्यापलेले क्षेत्र अत्यल्प आहे. क्वचित घडणे म्हणजे न घडणे नव्हे. मात्र संपूर्ण महानगर एका टॉर्नेडोने नष्ट होत नाही. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमा सिटी परिसरातील टॉर्नेडोने सुमारे ६० किलोमीटरचा मार्ग आक्रमला, तरी विध्वंस एका अरुंद पट्ट्यात झाला. त्या पट्ट्यात सापडलेल्यांना मात्र उर्वरित शहर शाबूत असल्याचा काय दिलासा!

वारा श्रीमंत-गरीब पाहत नाही. पण भिंती आणि छप्पर यांत भेद असतो. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात आलेल्या टॉर्नेडोत सुमारे १३०० माणसे मरण पावली. तेथे शहर नव्हते. होती ती कच्च्या घरांची दाट वस्ती. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील मूर येथे टॉर्नेडो प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेवर कोसळला. शाळेत सुरक्षित आसरा नव्हता. सात मुले गेली. नव्याने बांधलेल्या शाळेत मात्र तो आसरा बांधण्यात आला.

हाच धडा वादळाआधी शिकता आला असता. आपल्याकडे टॉर्नेडो विरळ असले, तरी पूर, वीज, आग आणि भूकंप आहेत. म्हणून पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांच्या शाळेत एक प्रश्न अवश्य विचारावा: संकट आले तर मुले कोठे जातील, आणि त्यांना इशारा कोण देईल?