जुन्या बोटमोटरीची डागडुजी

आउटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या मागच्या फळीला टांगलेले यंत्र. शहापूरकडचे भातसा घ्या की मुरबाडकडचे बारवी, धरणाचे पाणी गोडे. पण इकडे कुणी स्वस्तात जुनी मोटर आणली, तर ती खाडीवर राबलेली असण्याचा संभव मोठा. तिच्या पोटात मीठ बसलेले असते.

पैसे मोजण्यापूर्वी दोरी हळू ओढून पाहावी. हाताला अडसर लागला तर सिलिंडरात दम आहे. सैल आली तर सौदा सोडावा. पिस्टन-रिंगांचा खर्च मोटरीच्या किमतीला गिळतो. खालच्या गिअरपेटीतले तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर सीलमधून पाणी शिरले म्हणून समजा.

पहिला रुपया मात्र पाणी ओढणाऱ्या पंपाच्या रबरी पंख्यावर, म्हणजे इम्पेलरवर घालावा. सिलिंडर थंड राहतो तो याच्या जिवावर. मोटर पडून राहिली की त्याची पाती वाकून कडक होतात. लोक रंगावर पैसे घालतात आणि यालाच विसरतात! मिठाने बुजलेल्या वाटाही मोकळ्या कराव्यात. पाण्याच्या पिंपात चालवून पाहा. मागून पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. धार थांबताच मोटर बंद.

टू-स्ट्रोक मोटरीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. त्यात काटकसर केली, की पिस्टन चिकटलाच. आणि भातसाचे पाणी मुंबई पिते. तेव्हा तेलाची गळती मिटवून, धरण सांभाळणाऱ्या खात्याची परवानगी काढून मगच मोटर पाण्यात उतरवावी.