सीपीयू खिशातच आहे

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरचा लॅपटॉप बसला. बिजागरी आधीच निखळली होती, आता मदरबोर्डही गेला. दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या रकमेत एखादा सेकंडहँड लॅपटॉप आला असता. भाच्याला मात्र दुसऱ्याच दिवशी कॉलेजात अहवाल द्यायचा होता. त्याने कपाटातून जुना कीबोर्ड आणि माउस शोधून काढला. मी कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून टाइप-सीची एचडीएमआय केबल आणली, एक टोक माझ्या फोनला लावलं आणि दुसरं टीव्हीला. टीव्हीवर अक्षरं उमटली : ‘नो सिग्नल’.

केबल बदलून मागायला गेलो, तर दुकानदार हसला. ‘काका, केबल चांगली आहे. तुमच्या फोनातून चित्र बाहेरच पडत नाही.’ घरी येऊन तीच केबल बहिणीच्या फोनला लावली आणि टीव्हीवर चक्क संगणक अवतरला. खाली टास्कबार, वर हव्या तितक्या खिडक्या, मधोमध माउसचा बाण. रात्री अकरापर्यंत अहवाल झाला.

आता दोन्ही फोनना टाइप-सी, मग एकाला जमलं ते दुसऱ्याला का नाही? कारण टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. आत २४ पिना असतात, पण त्या सगळ्यांना तारा जोडायला हव्यात अशी कंपनीवर सक्ती नाही. वेगवान डेटाच्या तारांवरून पडद्याचं चित्र पाठवण्याची सोय २०१४ मध्ये ठरली. तिचं नाव ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’. स्वस्त फोनमध्ये पैसे वाचवायला या तारा बहुधा गाळलेल्या असतात. तिथे चार्जिंग होतं, पेनड्राइव्ह चालतो, कीबोर्ड चालतो, फक्त चित्र जात नाही. कधी तर सगळं असूनही दार बंद असतं. गुगलचा पिक्सेल ८ आला २०२३ मध्ये, पण त्यातून चित्र बाहेर काढायची मुभा मिळाली २०२४ च्या अपडेटनंतर.

चित्र बाहेर आलं म्हणजे संगणक झाला, असंही नाही. आयफोन १५ पासून आयफोनला टाइप-सी आलं आणि तो टीव्हीला जोडता येतो, पण मोठ्या पडद्यावर दिसतो तो फोनचाच आरसा, उभाच्या उभा. संगणकासारखा वेगळा पडदा हवा असेल तर फोनमध्ये तशी व्यवस्था असावी लागते. सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतल्या फोनमध्ये ती ‘डेक्स’ नावाने असते, मोटोरोलाच्या काही फोनमध्येही आहे. डेक्समध्ये फोनचा स्वतःचा पडदा मोकळा राहतो, माउस नसेल तर त्याचाच टचपॅड होतो. फोन आला की मात्र पंचाईत. केबलीसकट तो कानाला लावून बसावं लागतं.

ही कल्पना काही आजची नव्हे. २०११ मध्ये मोटोरोलाने ‘अॅट्रिक्स’ काढला होता. त्याच्याबरोबर ‘लॅपडॉक’ मिळायचा, म्हणजे दिसायला लॅपटॉप आणि आतून पोकळ. पडदा आणि कीबोर्ड त्याचा, डोकं फोनचं. डोकं तेव्हा कमी पडलं. २०१३ मध्ये ‘उबुंटू एज’ या फोनसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर जमवायची मोहीम निघाली. सव्वा कोटीच्या थोडं वर जमले आणि फोन कागदावरच राहिला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ल्युमिया ९५० मध्ये हेच करून पाहिलं. दिसायचं हुबेहूब विंडोज, पण विंडोजची नेहमीची सॉफ्टवेअर त्यावर चालतच नव्हती. मग लोकांनी ते घ्यायचं कशाला? डेक्स २०१७ मध्ये गॅलेक्सी एस ८ बरोबर आलं. आधी त्यासाठी वेगळा डॉक विकत घ्यावा लागे, २०१८ च्या नोट ९ पासून साध्या केबलीवर भागू लागलं. २०२५ मध्ये गुगलने सॅमसंगच्याच पायावर अँड्रॉइडमध्ये अशी सोय आणत असल्याचं सांगितलं.

मला यातलं यंत्र कमी आणि आपली घरं जास्त दिसतात. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या पाहणीत संगणक असलेली कुटुंबं खेड्यांत सुमारे ४ टक्के आणि शहरांत २३ टक्के होती. स्मार्टफोन मात्र २०२५ च्या पाहणीनुसार ८५ टक्क्यांहून अधिक घरांत आहे. भिंतीवर एलईडी टीव्हीही बहुतेकांकडे असतो. म्हणजे सीपीयू खिशात, मॉनिटर भिंतीवर, आणि पोरगं अर्ज भरायला सायबर कॅफेत रांगेत.

अर्थात सगळं यावर होणार नाही. टॅली विंडोजवर चालतं. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनलाही बहुधा विंडोजच लागतं, त्यामुळे सीएच्या कार्यालयात फोन हा फोनच राहील. आपल्याकडची खास अडचण फॉन्टची. छापखान्यांत, पतसंस्थांत, ग्रामपंचायतींत वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप झालाय. तो युनिकोड नाही. फोनवर अशी फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची गिचमीड दिसते. पेजमेकरवाल्या डीटीपी ऑपरेटरने तर या वाटेला जाऊच नये. पण युनिकोडमधली पत्रं, हिशेबाच्या शीट, ऑनलाइन वर्ग, स्लाइड, परीक्षेचे अर्ज यांना फोन पुरतो. ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’वर टिचकी मारायला तेवढं विसरू नये.

टॅबलेटचं गणित जरा सोपं. पडदा मुळातच मोठा, कीबोर्ड जोडला की काम सुरू. आयपॅडमध्ये २०२० साली माउस नीट चालू लागला आणि खऱ्या खिडक्या आल्या २०२५ मध्ये. पण चांगला टॅब, त्याचा कीबोर्ड, पेन असं सगळं मिळून बिल साध्या लॅपटॉपच्या पुढे जातं. तेव्हा सरळ लॅपटॉप घ्या, असं माझं मत.

करून बघणार असाल, तर दोन अनुभवाच्या गोष्टी. नुसती केबल न घेता चार्जिंगचं तोंड असलेला टाइप-सी हब घ्या, नाहीतर तासा-दोन तासांत बॅटरी मान टाकेल. टीव्हीवर माउसचा बाण रेंगाळत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ लावा.

आणि हब घ्यायच्या आधी आपल्या फोनच्या मॉडेलच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधा. तो सापडला, तर माळ्यावरचा एचडीएमआयवाला जुना मॉनिटर एवढ्यात भंगारात घालू नका.