एक फाइल, शेकडो डिस्क : सुपरकॉम्प्युटर डेटा ठेवतो तरी कसा?

फेब्रुवारीत आभाळ भरून आलं की आमच्या नाशिककडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांचा जीव टांगणीला लागतो. पावसाचा अंदाज वेळेत मिळाला तरच उपयोग. या अंदाजांमागचं बरंचसं गणित पुण्यात, आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत होतं. तिथला २०२४ पासूनचा सुपरकॉम्प्युटर 'अर्का'. वेग ११.७७ पेटाफ्लॉप्स, स्टोरेज ३३ पेटाबाइट. म्हणजे १२८ जीबीचे साधारण अडीच लाख फोन!

एवढी मोठी एकच डिस्क कुठे मिळत नाही, आणि मिळाली तरी फायदा नाही. साधी हार्ड डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या आसपास वाचते. त्या हिशेबाने १ टीबीची फाइल वाचायला सव्वा तासाच्या वर जाईल आणि तोवर हजारो प्रोसेसर नुसते बसून. गणित कितीही फास्ट असो, अंदाज लेटच.

मग करायचं काय? फाइलचे तुकडे करायचे. पहिला १ एमबी पहिल्या डिस्कवर, पुढचा दुसऱ्या, त्यापुढचा तिसऱ्या. याला स्ट्रायपिंग म्हणतात. १०० डिस्क एकदम वाचायला लागल्या की तेच काम मिनिटाच्या आत. ट्रक एकट्या हमालाने रिकामा करायचा की दहा जणांनी, एवढाच फरक.

खरी गंमत पुढे आहे. कुठला तुकडा कुठे, हे लक्षात कोण ठेवणार? लस्टर या प्रसिद्ध फाइल सिस्टिममध्ये त्यासाठी वेगळा मेटाडेटा सर्व्हर असतो. प्रोसेसर त्याला फक्त पत्ता विचारतो. डेटा थेट डिस्कवाल्या सर्व्हरकडून घेतो. सगळा डेटा त्या एकाच्याच हातून गेला असता तर तिथेच ट्रॅफिक जाम! तरीही लाखभर बारक्या फाइली एकदम उघडल्या की हा बिचारा दमतोच. माझ्या मते नवशिक्यांचे प्रोग्राम जास्त करून इथेच रखडतात.

आणि डिस्क मेली तर? डिस्क जितक्या जास्त, तितकी रोज एखादी जाण्याची शक्यता जास्त. म्हणून दहा-दहा डिस्कचे गट करतात : आठांवर डेटा, दोनांइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेलं परत काढायच्या हिशेबाला. गटातल्या कुठल्याही दोन गेल्या तरी डेटा परत मिळतो. तिसरी गेली की मात्र संपलं.

कधी कॉलेजमधून अशा मशीनवर अकाउंट मिळालं तर एक बघा. लस्टरमध्ये स्ट्राइप काउंट बऱ्याचदा १ च ठेवलेला असतो. मोठी फाइल लिहिण्याआधी तो वाढवा, नाहीतर शेकडो डिस्क असूनही तुमची फाइल एकाच ठिकाणी जाऊन बसेल.