साइडबोर्ड : मिरवण्याकडून वापराकडे

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात काळ्या रंगाचे एक लाकडी कपाट जपून ठेवले आहे. त्यावर कोरीव वेलबुट्टी नाही, सिंहाची मुंडकी नाहीत, फळांचे घोसही नाहीत. सरळ उभे-आडवे दांडे, त्यांच्यामधली मोकळी जागा आणि चांदीचा मुलामा दिलेल्या कड्या, एवढाच त्याचा साज. एडवर्ड विल्यम गॉडविन या इंग्रज वास्तुरचनाकाराने १८६७ च्या सुमारास त्याचा आराखडा केला. आजच्या घरात सहज शोभावे असे हे कपाट म्हणजे भोजनगृहातील साइडबोर्ड होय. ज्या काळात ते घडले त्या काळाला मात्र ते विलक्षण वाटावे असे होते. त्याचे कारण समजून घ्यायचे, तर साइडबोर्डची वंशावळ पाहावी लागते.

साइडबोर्ड म्हणजे शब्दशः बाजूची फळी. मध्ययुगीन युरोपात सरदारांच्या भोजनदालनात मुख्य मेजाच्या बाजूला अशी फळी असे. तिच्यावर वस्त्र अंथरून चांदी-सोन्याचे पेले मांडले जात. आपल्या तोंडी रुळलेला ‘कपबोर्ड’ हा शब्दही असाच, पेल्यांच्या फळीवरून आलेला. पंधराव्या शतकात बर्गंडीच्या दरबारात तर या मांडणीला किती पायऱ्या असाव्यात, हे घराण्याच्या दर्जावरून ठरत असे. पाहुणा दालनात शिरताच यजमानाची योग्यता त्याला पायऱ्या मोजून कळावी, हा त्यातील हेतू.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंतांच्या घरात स्वतंत्र भोजनगृह आले आणि या फळीचे रूप पालटले. रॉबर्ट ॲडम या वास्तुरचनाकाराने १७६० नंतरच्या दशकात लांब मेज, त्याच्या दोन्ही बाजूंना चौकोनी खांबवजा कपाटे आणि त्यांवर कलश, अशी रचना रूढ केली. बाहेरून मंदिराच्या दर्शनी भागासारख्या भासणाऱ्या या थाटाच्या पोटात मोठी व्यवस्था दडलेली असे. एका कपाटाला आतून पत्रा मारून बशा गरम ठेवण्याची सोय केलेली असे, तर कलशांत काटे-चमचे धुण्यासाठी किंवा पिण्यासाठी पाणी भरलेले असे.

पुढे मध्यम आकाराच्या घरांसाठी हे तीन भाग एकत्र आले. १७८८ मध्ये जॉर्ज हेपलव्हाइटच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केलेल्या नमुनापुस्तकात, तसेच १७९० नंतरच्या थॉमस शेरेटनच्या पुस्तकात आज परिचित असलेला साइडबोर्ड दिसतो. सहा निमुळते पाय, मध्ये उथळ खण, कडेला बाटल्यांसाठी शिशाचे अस्तर लावलेला खोल खण आणि पुढील बाजूला हलकासा बाक, असे त्याचे रूप. लाकूड बहुधा महोगनी. हे तांबूस, तुळतुळीत लाकूड वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतून येई आणि तेथील जंगलांत ते तोडण्याचे काम गुलामांकडून करवून घेतले जाई. या वस्तूंची चमक पाहताना तिच्यामागचा हा घामही विसरता येत नाही.

व्हिक्टोरियन काळात मिरवण्याची हौस शिगेला पोहोचली. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात पॅरिसच्या फुर्दिन्वा यांच्या भव्य साइडबोर्डने सर्वांना थक्क केले. त्यावर शिकारी कुत्रे आणि मारलेले हरीण कोरलेले होते. त्यानंतर भोजनगृहातील लाकडावर उलटी टांगलेली पाखरे, ससे, मासे कोरण्याची लाटच आली. आरसे, कंगोरे, कोनाडे यांची भर पडत गेली. यंत्रांनी कोरीवकाम स्वस्त केले, तशी मध्यमवर्गीय घरेही या अवजड कपाटांनी भरून गेली.

गॉडविनचे काळे कपाट या पार्श्वभूमीवर उभे राहिले. कोरीवकामात धूळ साचते, अवजड वस्तू हलवता येत नाही, अशी त्याची साधी तक्रार होती. जपानी कलेच्या अभ्यासातून त्याने एक धडा घेतला : सौंदर्य भरलेल्या आणि मोकळ्या जागेच्या प्रमाणातूनही साधते. त्याच्या हयातीत हा विचार थोड्यांच्या घरी पोहोचला.

तो घरोघरी नेण्याचे काम अखेर युद्धाने केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लाकडाची टंचाई झाली आणि १९४२ मध्ये सरकारने ‘युटिलिटी’ फर्निचरची योजना आखली. ठरावीक मजबूत नमुने, नेमके लाकूड, अनावश्यक सजावटीला फाटा. नवविवाहित जोडपी आणि बाँबहल्ल्यात घर गमावलेली कुटुंबे यांना ते प्राधान्याने मिळे. त्यांत साध्या ओकचा साइडबोर्डही होता. एके काळी सरदाराचा दर्जा सांगणारी फळी आता सर्वस्व गमावलेल्या कुटुंबाच्या नव्या संसाराचा आधार झाली.

१९५० नंतर डेन्मार्कच्या कारागिरांनी या साधेपणाला नजाकत दिली. आग्नेय आशियातील साग, लांबट ठेंगणी बांधणी आणि बाजूला सरकणारी दारे. सरकत्या दारांना उघडण्यासाठी पुढे जागा लागत नाही, म्हणून लहान सदनिकांना ती सोयीची ठरली. आज ‘व्हिंटेज’ म्हणून मागणी असलेले साइडबोर्ड बहुतांशी याच काळातले. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूस सामान्यतः ‘अँटिक’ म्हणतात.

मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात येथील सुतारांनी शिसवी लाकडात युरोपीय घाटाच्या वस्तू घडवून त्यांवर भारतीय पद्धतीचे दाट कोरीवकाम केले. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ओळखले जाणारे हे काम युरोपीय आणि पारशी कुटुंबांच्या दिवाणखान्यांत विसावले. अशा जुन्या वस्तूंचा शोध घेणारे आजही चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर फिरताना दिसतात.

जुन्या वस्तूची पारख समोरून होत नाही. खण बाहेर ओढून कोपरा पाहावा. हाताने कापलेले पाचरीचे सांधे किंचित असमान असतात, यंत्राचे सारखे. खणाच्या आतील बाजूस मुठींची जुनी बुजवलेली भोके दिसली, तर मुठी बदलल्या आहेत असे समजावे. पाठीमागच्या फळ्या काळवंडलेल्या असणे स्वाभाविक. त्या नव्याकोऱ्या दिसल्या तर शंका घ्यावी.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घराने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या साइडबोर्डच्या कुलपाभोवतीची पांढरी चकती कधीकधी हस्तिदंताची असते. भारतात हस्तिदंताचा व्यापार निषिद्ध आहे आणि ब्रिटननेही २०१८ च्या कायद्याने त्यावर कडक बंधने घातली आहेत. दुसरी गोष्ट पॉलिशची. एकोणिसाव्या शतकात लाखेचे फ्रेंच पॉलिश रूढ झाले; लाख ही किड्यांपासून मिळते, तर मेण मधमाश्यांपासून. यांना जुना वनस्पतिजन्य पर्याय आहे. शेरेटनने १८०३ च्या आपल्या कोशात जवसाचे तेल आणि विटेची बारीक पूड यांनी लाकूड घासण्याची रीत नोंदवली आहे. विटेची पूड आज वापरू नये, कारण ती पातळ थर खरवडते. मऊ फडक्याने लावलेले थोडे तेल पुरेसे होते. तेलाचे फडके मात्र चुरगाळून ठेवू नये, पसरून वाळवावे. ते आपोआप पेट घेऊ शकते.

घर लहान होते तेव्हा पहिली गदा अशाच जुन्या कपाटांवर येते. आजोबांच्या वेळचे कपाट भंगारात जाते आणि त्याच्या जागी लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले, ओल लागताच फुगणारे कपाट येते. पाचरीने सांधलेले अस्सल लाकूड मात्र उकलता येते, पुन्हा जोडता येते, एका पिढीकडून दुसरीकडे जाऊ शकते. दोन शतके टिकलेल्या साइडबोर्डवर आता चांदीचे पेले नसतील. कुठे पाण्याची झारी, कुठे औषधांचा डबा, कुठे नातवंडांची छायाचित्रे असतील. जे आहे ते नीट सांभाळले, तर नव्यासाठी आणखी एक झाड तोडावे लागत नाही.